मापातले पाप, कंपायलरच्या माथी

सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला एखादा प्रोग्राम घ्यायचा, तो एकदा जीसीसीने आणि एकदा क्लँगने कंपाइल करायचा, दोन्ही बायनरी एकाच मशीनवर पाच-दहा वेळा पळवायच्या, सरासरी काढायची आणि जाहीर करायचे की अमका कंपायलर तमक्यापेक्षा सात टक्के वेगवान आहे. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतही नाही. दरवर्षी दोन्ही कंपायलरच्या नव्या आवृत्त्या येतात, दरवर्षी नवे आलेख निघतात, आणि त्या आलेखांवर विसंबून टीमा आपले कंपायलर बदलतात किंवा बदलायचे नाही असे ठरवतात. या रीतीला माझा विरोध आहे, आणि तो आकड्यांना नाही. आकडा बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. घड्याळाने जे दाखवले तेच लिहिलेले असते. चूक आहे ती त्या आकड्याला कंपायलरचे नाव चिकटवण्यात. दोन बायनरींमधला पाच-दहा टक्क्यांचा फरक नेमका कशातून आला हे मशीन कोडमध्ये बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर तो कंपायलरच्या खात्यावर मांडण्याचा अधिकार मोजणाऱ्याला पोहोचत नाही. 'सात टक्के वेगवान' हे सुतावरून स्वर्ग गाठणे आहे, आणि त्याची किंमत काय पडते हे अलीकडच्याच एका प्रकरणात स्वच्छ दिसले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पायथनच्या मुख्य इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे सी-पायथनमध्ये, एक मोठा बदल दाखल झाला. पायथनचा प्रोग्राम चालण्याआधी बाइटकोडच्या लहान लहान सूचनांत मोडला जातो. सीमध्ये लिहिलेले एक अवाढव्य फंक्शन त्या सूचना एकेक करून उचलते, पार पाडते आणि पुढच्या सूचनेच्या कोडकडे उडी मारते. नव्या पद्धतीत या एका फंक्शनच्या जागी प्रत्येक सूचनेला तिचे स्वतःचे छोटे फंक्शन मिळाले, आणि एक फंक्शन संपता संपता थेट पुढच्याकडे काम सोपवू लागले. यालाच टेल कॉल म्हणतात. पायथनच्या प्रमाणित बेंचमार्क संचावर मोजले तेव्हा गुणोत्तरी मध्याने ९ ते १५ टक्के वेग वाढलेला दिसला. इतक्या वर्षांच्या मशागतीनंतर एका इंटरप्रिटरमधून एवढे पीक निघणे ही मोठीच गोष्ट होती. मार्चमध्ये नेल्सन एल्हाज यांनी या आकड्याचा माग काढला आणि वेगळेच चित्र पुढे आले. जुन्या पद्धतीत प्रत्येक सूचनेच्या कोडच्या शेवटी स्वतंत्र उडी मुद्दाम लिहिलेली होती, म्हणजे कोणत्या सूचनेनंतर बहुधा कोणती येते याचा अंदाज प्रोसेसरच्या ब्रँच प्रेडिक्टरला बांधता यावा. क्लँग ज्यावर उभा आहे तो एलएलव्हीएम स्वतःच्या सोयीसाठी अशा सगळ्या उड्या आधी एका ठिकाणी गोळा करतो आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा जागोजागी वाटून देतो. एलएलव्हीएमच्या १९व्या आवृत्तीत या वाटपावर एक मर्यादा घातली गेली, कारण काही प्रोग्रामवर कंपाइलचा वेळ आणि मेमरी हाताबाहेर जात होती. सी-पायथनचे ते अवाढव्य फंक्शन नेमके या मर्यादेपलीकडे गेले. उड्या गोळा झाल्या, पण परत वाटल्याच गेल्या नाहीत. परिणामी प्रत्येक सूचनेला एकाच अरुंद दरवाजातून जावे लागले आणि जुना इंटरप्रिटर मंदावला. नवा इंटरप्रिटर ज्याच्याशी तोलला जात होता ते मापच हलके झाले होते. जीसीसी किंवा क्लँग १८ ने बांधलेल्या जुन्या इंटरप्रिटरशी तुलना केल्यावर फायदा १ ते ५ टक्क्यांवर उतरला. पुढे पायथन ३.१४ च्या अधिकृत माहितीपत्रात ९ ते १५ चा आकडा ३ ते ५ असा दुरुस्त केला गेला, आणि दुरुस्ती का करावी लागली हेही तिथेच लिहिले गेले.

या प्रकरणात कोणी हलगर्जीपणा केला होता असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ते मला इतके महत्त्वाचे वाटते. बेंचमार्क एकच नव्हता, मोठा संच होता. मोजणारे अनुभवी होते. सरासरीची पद्धतही योग्य होती. मोजणी आणखी शंभर वेळा केली असती तरी तोच आकडा अधिक खात्रीने हाती आला असता, कारण त्यातली चूक स्थिर होती, थरथरणारी नव्हती. ती सापडली ती दोन मार्गांनी: दुसऱ्या आणि तिसऱ्या कंपायलरशी ताडून, आणि निघालेला मशीन कोड उघडून उड्या कुठे गेल्या ते मोजून. घड्याळ तिथे पोहोचलेच नसते. शिवाय क्लँग १९ ने बांधलेला पायथन जीसीसीने बांधलेल्यापेक्षा हळू आहे एवढाच आलेख कोणी त्या दिवसांत काढला असता, तर आकडे खरे असूनही 'पायथनसाठी जीसीसी चांगला' हा निष्कर्ष चुकलाच असता. दोष एका आवृत्तीतल्या एका मर्यादेचा होता. आधीच्या आवृत्तीत तो नव्हता आणि पुढच्या आवृत्तीत तो दूर झाला.

आता यावर कोणी म्हणेल की हे अपवादाचे उदाहरण झाले. कंपायलरमध्ये बग रोज थोडेच सापडतात? ठीक आहे, बग बाजूला ठेवू. कंपायलर निर्दोष आहेत असेच धरून चालू. २००९ मध्ये मिटकोविझ, दिवाण, हाउसवर्थ आणि स्वीनी या चौघांनी एक शोधनिबंध वाचला, त्याच्या शीर्षकाचा भावार्थ असा की उघडपणे काहीही न चुकवता चुकीची माहिती कशी तयार होते. त्यांचा प्रश्न साधा होता: जीसीसीची ओ-३ ही ऑप्टिमायझेशनची पातळी ओ-२ पेक्षा खरोखर वेगवान आहे का? उत्तरात त्यांनी दोन अशा गोष्टी बदलल्या, ज्यांचा कंपायलरच्या हुशारीशी काडीचाही संबंध नाही. एक म्हणजे ऑब्जेक्ट फाइली लिंकरला कोणत्या क्रमाने दिल्या. दुसरी म्हणजे शेलमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा एकूण आकार. लिनक्समध्ये हे व्हेरिएबल्स स्टॅकच्या वरच्या टोकाला ठेवले जातात, त्यामुळे त्यांची लांबी बदलली की प्रोग्रामचा सगळा स्टॅक काही बाइटांनी सरकतो. वापरकर्त्याचे नाव लांब असेल तर तेवढ्यानेही सरकतो. आढळले असे की एकाच प्रोग्रामसाठी एका मांडणीत ओ-३ जिंकते आणि दुसऱ्या मांडणीत ओ-३ हरते. फरक थोडा कमी किंवा थोडा जास्त एवढ्यापुरता राहिला नाही. निष्कर्षाची दिशाच उलटली. मग त्यांनी या क्षेत्रातल्या चार नामांकित परिषदांमधले १३३ शोधनिबंध तपासले. त्यांतल्या एकानेही मांडणीमुळे मोजणीत शिरणाऱ्या या पूर्वग्रहाचा पुरेसा बंदोबस्त केलेला नव्हता.

हे जादूटोण्यासारखे वाटू नये म्हणून यंत्राच्या आत थोडे डोकावू. प्रोसेसर सूचना एकेक करून वाचत नाही. तो ठरावीक बाइटांचे तुकडे उचलतो, आणि उलगडलेल्या सूचना एका लहान कॅशमध्ये साठवतो. इंटेलच्या स्कायलेक घराण्यातल्या प्रोसेसरांत एक हार्डवेअर दोष होता. त्यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये जो मायक्रोकोड आला, त्यानंतर ३२ बाइटच्या सीमेवर येणारी किंवा ती ओलांडणारी जंप सूचना त्या कॅशमध्ये ठेवली जात नाही. म्हणजे एखाद्या तापलेल्या लूपच्या शेवटची जंप तुकड्याच्या २४व्या बाइटवर सुरू झाली तर लूप सुसाट चालते. तीच जंप, तेच लूप, अक्षरनुअक्षर त्याच सूचना. पण वरच्या कुठल्यातरी फंक्शनमध्ये सहा-सात बाइट वाढले आणि जंप सीमेवर जाऊन बसली, तर प्रत्येक फेरीला सूचना नव्याने उलगडाव्या लागतात. आता दोन कंपायलरांनी त्या लूपसाठी तंतोतंत सारखा कोड तयार केला आहे असे समजा. फक्त त्याच्या आधी येणाऱ्या, क्वचितच चालणाऱ्या एरर-हँडलिंगच्या कोडची लांबी दोघांत वेगळी आहे. घड्याळ फरक दाखवेल. आलेखात एक पट्टी उंच होईल. आणि वाचणारा समजेल की एका कंपायलरने लूप अधिक चांगले बांधले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी तसे हे आहे, आणि आपण कावळ्याचे वजन लिहून ठेवतो आहोत.

इथे सर्वांत ठाम आक्षेप येतो: म्हणून तर आम्ही अनेकदा मोजतो आणि सरासरी घेतो. हा आक्षेप आदराने ऐकावा असा आहे, कारण तो घेणारा मोजणीबद्दल गंभीर असतो. पण पुनरावृत्तीने काय निवळते आणि काय निवळत नाही हे वेगळे करावे लागते. दुसरी एखादी प्रक्रिया मध्येच जागी झाली, मशीन तापले, डिस्क अडली, असले खडखडाट पुनरावृत्तीने निवळतात. बायनरीची मांडणी निवळत नाही. ती लिंक झाली त्या क्षणी गोठली. शंभर वेळा पळवली तर तीच मांडणी शंभर वेळा मोजली जाते. ऑपरेटिंग सिस्टिम दर खेपेला कोड वेगळ्या पत्त्यावर चढवते असे सांगितले जाते आणि ते खरे आहे, पण ती कोड सरकवते तो ४०९६ बाइटांच्या पानांच्या पटीत. ३२ बाइटच्या सीमेपासून त्या जंपचे अंतर जिथल्या तिथे राहते. लहानशी प्रमाणित चूक आणि चुकीचा निष्कर्ष एकाच तक्त्यात सुखाने नांदू शकतात, आणि अचूकतेचा आभास जितका जास्त तितका तो निष्कर्ष पुसणे कठीण.

खरा उपाय मांडणीच बदलत राहण्याचा आहे, आणि तो करून पाहिला गेला आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेतल्या चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्गर यांनी २०१३ मध्ये स्टॅबिलायझर नावाचे साधन मांडले. ते प्रोग्राम चालू असतानाच कोड, स्टॅक आणि हीप यांची मेमरीतली जागा पुन्हा पुन्हा यदृच्छेने बदलते, म्हणजे नशिबाने मिळालेली किंवा हुकलेली मांडणी सरासरीत विरून जाते आणि उरतो तो कोडच्या दर्जाचा फरक. नुसता लिंकचा क्रम बदलल्याने कामगिरी ५७ टक्क्यांपर्यंत घसरू शकते असे त्यांना दिसले. मग त्यांनी एलएलव्हीएमच्या पातळ्या तोलल्या. ओ-१ वरून ओ-२ वर गेल्याने झालेला फायदा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. ओ-२ वरून ओ-३ वर गेल्याचा परिणाम मात्र निव्वळ योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. एकाच कंपायलरच्या दोन शेजारच्या पातळ्यांमधला फरक इतका निसरडा असेल, तर दोन वेगळ्या घराण्यांतल्या कंपायलरांत, एकेकच बायनरी बांधून, सात टक्क्यांचा निवाडा कसा द्यायचा? मला तरी त्या निवाड्याला आधार दिसत नाही.

'दोघांना सारखेच फ्लॅग दिले होते' हा दुसरा दाखला. ऐकायला तो न्याय्य वाटतो. पण ओ-२ हे काही किलोसारखे ठरलेले माप नाही. प्रत्येक कंपायलरने आपापल्या समजुतीप्रमाणे भरलेली ती एक पिशवी आहे. क्लँग ओ-२ वर लूपचे व्हेक्टरायझेशन करतो, म्हणजे एकेक संख्या हाताळण्याऐवजी चार-आठ संख्या एकदम हाताळणाऱ्या सूचना वापरतो. जीसीसी हेच काम वर्षानुवर्षे ओ-३ वर करत होता. ओ-२ वर ते आले २०२२ मधल्या १२व्या आवृत्तीत, तेही फार हात राखून. म्हणजे २०२१ मध्ये 'ओ-२ विरुद्ध ओ-२' अशी केलेली कित्येक तुलना प्रत्यक्षात व्हेक्टरायझेशन चालू विरुद्ध बंद अशी होती. कोणताच फ्लॅग दिला नाही तर जीसीसी आणि क्लँग जवळजवळ काहीच ऑप्टिमाइझ करत नाहीत, तर इंटेलचा कंपायलर आपणहून ओ-२ धरून चालतो. आणि प्रोसेसरचा प्रकार सांगितला नाही, तर जीसीसी आणि क्लँग दोघेही २००३ च्या पहिल्या ६४-बिट एएमडी प्रोसेसरला कळतील एवढ्याच सूचना वापरतात. मोजणी होते ती आजच्या मशीनवर. मशीनचा अर्धा भाग मात्र वापरलाच जात नाही.

फ्लॅगच्या पिशवीतली सर्वांत घातक वस्तू म्हणजे अपूर्णांकांच्या गणिताचे नियम, आणि इथे वेगाचा प्रश्न उत्तराच्या खरेपणाशी येऊन भिडतो. एका अ‍ॅरेतल्या संख्यांची बेरीज करणारे तीन ओळींचे लूप घ्या. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ ही संख्या नेमकी बसते, पण १,६७,७७,२१७ बसत नाही. म्हणून १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तर उत्तर १,६७,७७,२१६ च येते. आणखी १ मिळवला तरी तेच. आता क्रम बदला: आधी १ आणि १ मिळून २ करा, मग ती मोठी संख्या मिळवा. उत्तर येते १,६७,७७,२१८. बेरजेचा क्रम बदलला आणि उत्तर बदलले. व्हेक्टर सूचनांनी बेरीज करायची म्हणजे हा क्रम बदलावाच लागतो. म्हणून जीसीसी आणि क्लँग 'फास्ट-मॅथ'सारखी स्पष्ट परवानगी मिळाल्याशिवाय या लूपला हात लावत नाहीत. सीच्या नियमांनी ते बांधलेले आहेत. इंटेलचा कंपायलर मात्र ही मुभा न विचारता घेतो. हे लूप तिघांनाही दिले तर इंटेलची पट्टी उंच जाईल. त्यात त्या कंपायलरची हुशारी दिसते असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने बाकीच्या दोघांना तीच परवानगी देऊन पुन्हा मोजावे. आणि परवानगी द्यायची की नाही हे कंपायलर ठरवू शकत नाही. ते ज्याचे गणित आहे त्याने ठरवायचे.

हा मुद्दा पुस्तकी नाही. पुण्यात भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये 'अर्क' हे महासंगणक उभे राहिले ते हवामानाच्या मॉडेलांसाठी. अशा मॉडेलांत पहिल्या दिवशी शेवटच्या दशांशात पडलेला फरक काही दिवसांच्या अंदाजात मोठा होत जातो. अमेरिकेत एनसीएआरने सीईएसएम या हवामान मॉडेलसाठी एक चाचणीच तयार केली आहे. कंपायलर किंवा मशीन बदलले की मॉडेलचे निकाल बाइट-बाइट जुळणार नाहीत हे त्यांनी मान्य केले. मग अनेक खेपांच्या समूहाशी ताडून, नवे निकाल त्याच हवामानाचे आहेत की वेगळ्याच हवामानाचे, हे संख्याशास्त्राने तपासले जाते. कंपायलरांची तुलना जबाबदारीने करण्याचा हा नमुना आहे. उत्तर तेच आहे का, हे आधी. वेळ किती लागला, हे नंतर. बहुतेक प्रसिद्ध तुलनांमध्ये पहिल्या प्रश्नाचा उल्लेखही सापडत नाही.

तिसरा आक्षेप संस्थांच्या नावाने येतो: एकट्या-दुकट्याची मोजणी सोडा, स्पेक आहे ना! १९८८ पासून ही संस्था प्रोसेसर आणि कंपायलर तोलण्याचे प्रमाणित संच काढते, कडक नियम लावते, निकाल तपासून प्रसिद्ध करते. स्पेकच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिच्याच इतिहासात माझ्या म्हणण्याचा भक्कम पुरावा आहे. १९८९ च्या पहिल्या संचात मॅट्रिक्स-३०० नावाचा प्रोग्राम होता. त्याचा ९९ टक्के वेळ सोर्समधल्या एकाच ओळीत जात असे. कंपायलरवाल्यांनी ती ओळ ओळखली, गुणाकाराचे तुकडे कॅशमध्ये मावतील असे पाडले, आणि त्या प्रोग्रामचा वेग नऊ पटींहून जास्त वाढला. बाकीचे जग होते तिथेच होते. १९९२ च्या संचातून तो प्रोग्राम काढून टाकावा लागला. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकने इंटेल प्रोसेसरांचे २,६०० हून जास्त प्रसिद्ध निकाल नियमबाह्य ठरवले. कारण असे दिले की ते निकाल ज्या कंपायलरने बांधले होते, त्यात एका विशिष्ट बेंचमार्कचा कोड आणि डेटा आधीच माहीत असल्यासारखे रूपांतर होत होते, आणि त्या रूपांतराचा इतरत्र उपयोग फार थोडा होता. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. बेंचमार्क संचातला प्रोग्राम आणि तुमचा प्रोग्राम एका भांड्यात शिजलेले नसतात. त्यातून कोणत्या शिताची परीक्षा होणार हे शिजवणाऱ्याला आधीच कळले असेल, तर तो तेवढे शीत मऊ करून ठेवील.

भांडे वेगळे असण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो प्रोसेसरच्या बाजूचा. इंटेलच्या जुन्या कंपायलरने बांधलेला प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसरचा निर्माता कोण हे तपासत असे. उत्तर 'जेन्युइन इंटेल' असे आले तर वेगवान सूचनांची वाट मिळे. तीच क्षमता असलेला एएमडीचा प्रोसेसर असला तरी त्याला मंद वाट मिळे. डेन्मार्कचे अ‍ॅग्नर फॉग यांनी हे वर्षानुवर्षे दाखवून दिले, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत कंपायलरच्या या वागण्याची जाहीर वाच्यता करणे इंटेलला भाग पडले. एकच बायनरी, एकच सोर्स, एकच कंपायलर. आकडा मशीनच्या नावावर बदलत होता. अशा आकड्याला कोणत्या कंपायलरचा वेग म्हणायचे?

आता व्यवहारी माणसाचा आक्षेप, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. तो म्हणतो, कारण काय ते तुम्ही शोधत बसा. मला माझा प्रोग्राम आठ टक्के लवकर संपलेला दिसतो, माझे सर्व्हरचे बिल तेवढे कमी होते, मला फळाशी काम. हा माणूस आपल्या एका बायनरीबद्दल बोलत असेल तर तो बरोबर आहे. ती बायनरी त्याने मोजली, तीच तो चालवणार आहे. त्याने खुशाल चालवावी. पण तो बायनरी निवडत नसतो, पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी कंपायलर निवडत असतो. आठ टक्क्यांचे कारण चांगले व्हेक्टरायझेशन असेल तर ते उद्याही टिकेल. कारण ३२ बाइटच्या सीमेवर चुकून नीट बसलेली जंप असेल, तर पुढच्या आठवड्यात कोणी एक लॉगची ओळ घातली की तो फायदा जाईल, आणि कोणाला कळणारही नाही की तो गेला कशाने. कारण फास्ट-मॅथ असेल तर त्याने वेग विकत घेतला आहे आणि किंमत उत्तरात चुकवली आहे. कारण आधीच्या कंपायलरमधला बग असेल तर कंपायलर न बदलता एक आवृत्ती मागे-पुढे जाऊन काम भागले असते. फळ ज्याला दरवर्षी हवे आहे त्याला झाड ओळखावेच लागते.

शेवटचा आक्षेप असा की तुमचे ऐकले तर कंपायलरांची तुलनाच करता येणार नाही. उलट, नीट करता येईल. स्टॅबिलायझरच्या मोजणीत ओ-२ चा फायदा उभा राहिला, हेच त्याचे उदाहरण. मोठे, कारण सापडणारे फरक या कसोटीत टिकतात. ० पासून न-१ पर्यंतच्या संख्यांची बेरीज करणारे लूप क्लँगला दिले तर तो लूपच काढून टाकतो आणि तिथे शाळेतले बेरजेचे सूत्र बसवतो. निघालेला असेंब्ली कोड पाहिला की दोन-चार सूचनांत ते डोळ्यांना दिसते. हा कंपायलरचा खरा गुण आहे, आणि तो क्लँगच्या नावे लिहिण्यात काहीच वावगे नाही. मात्र तो कोड न पाहता कोणी याच लूपवर घड्याळ लावले, तर 'क्लँग अब्जावधी पट वेगवान' असा निकाल निघेल. त्यात आकडा निरर्थक आणि कारण अर्थपूर्ण असेल. १९८४ च्या ड्राइस्टोन बेंचमार्कची गत अशीच झाली: ज्या गणिताचे उत्तर पुढे कुठे वापरलेच जात नव्हते ते गणित कंपायलर गाळू लागले, आकडे फुगले, आणि १९८८ मध्ये नवी आवृत्ती काढावी लागली.

म्हणून तुलना प्रसिद्ध करणाऱ्याकडे माझी मागणी अवास्तव नाही. कंपायलरची नेमकी आवृत्ती आणि पूर्ण फ्लॅग लिहावेत, आणि 'सारखे फ्लॅग' याऐवजी सारखी मुभा द्यावी: अपूर्णांकांच्या गणिताचे नियम, प्रोसेसरचा प्रकार, व्हेक्टरायझेशन, सगळे उघड करून. दोघांची उत्तरे जुळतात का ते सांगावे. लिंकचा क्रम बदलून प्रत्येक कंपायलरच्या निदान वीस-तीस बायनरी बांधाव्यात आणि सरासरीऐवजी त्यांचा पसारा दाखवावा. दोन पसारे एकमेकांत मिसळले असतील तर तसेच लिहावे. आणि फरक उरला तर प्रोफायलरने सर्वांत तापलेले फंक्शन शोधून दोन्ही असेंब्ली शेजारी शेजारी ठेवाव्यात. एल्हाज यांनी सी-पायथनच्या बाबतीत केले ते नेमके हेच काम होते, आणि त्यासाठी लागणारी सगळी साधने फुकट मिळतात. हे काम एखाद्या दिवसाचे असेल, फार तर दोन दिवसांचे. ९ ते १५ टक्के हा आकडा त्याशिवायच जगभर फिरला होता, आणि तो दुरुस्त करणारी टीप वाचणारे त्याच्या मानाने फारच थोडे होते.